तिठ्यावरचे प्रश्न

‘ट्रिव्हिया’ म्हणजे किरकोळ, फुटकळ माहिती. शब्द मूळचा लॅटिन. त्याच्या मुळाशी तीन रस्ते मिळतात ती जागा, म्हणजे आपला तिठा आहे. जुन्या पॉप आणि रॉक संगीताचे चाहते एकमेकांना जे प्रश्न घालतात, त्यांना हेच नाव आहे. हा निव्वळ रिकामपणाचा उद्योग आहे, असे पुष्कळांना वाटते. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला ते पटत नाही. त्याची कारणे तीन प्रश्नांच्या आधारे मांडतो.

पहिला प्रश्न : ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘बीटल्स’चे पहिले गीत कोणते? एक चाहता म्हणतो, ‘प्लीज प्लीज मी’. दुसरा म्हणतो, ‘फ्रॉम मी टू यू’. दोन्ही गीते १९६३ सालची, आणि गंमत अशी की दोघेही पुराव्यानिशी बोलत असतात. त्या काळी ब्रिटनमध्ये सर्वमान्य अशी एकच क्रमवारी नव्हती. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ आणि ‘मेलडी मेकर’ या साप्ताहिकांनी ‘प्लीज प्लीज मी’ला पहिले स्थान दिले, ‘रेकॉर्ड रिटेलर’ या व्यापारी पत्राने दुसरे. पुढे त्या वर्षांसाठी ‘रेकॉर्ड रिटेलर’चीच यादी प्रमाण धरली गेली. त्यामुळे २००० साली निघालेल्या ‘१’ या संग्रहातील २७ गीतांत ‘प्लीज प्लीज मी’ नाही. तेव्हा उत्तर देण्यापूर्वी ‘कोणत्या साधनानुसार?’ असे विचारणे भाग आहे. वर्गात आम्ही बखर आणि पत्रव्यवहार यांच्याबाबत शिकतो ते हेच.

दुसरा प्रश्न : ‘हाउंड डॉग’ सर्वप्रथम कोणी गायले? बहुतेक जण एल्विस प्रेस्लीचे नाव घेतात. त्याची तबकडी १९५६ सालची. परंतु १९५२ सालीच हे गीत विली मे ऊर्फ ‘बिग मामा’ थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने ध्वनिमुद्रित केले होते. लीबर आणि स्टोलर या दोघांनी ते तिच्यासाठीच रचले. तेव्हा दोघेही माझ्याच वयाचे, एकोणीस वर्षांचे होते. १९५३ साली ‘बिलबोर्ड’च्या रिदम अँड ब्लूज यादीत तिचे गीत सात आठवडे अग्रस्थानी राहिले. तरी या गीतापायी आपल्याला पाचशे डॉलरचा एकच धनादेश मिळाला, असे ती सांगत असे. कीर्ती आणि पैसा दुसरीकडे गेला. आज कोणी हा प्रश्न विचारतो तेव्हा निदान तिचे नाव घेतले जाते. फुटकळ प्रश्नाने केलेला हा छोटासा न्यायच नव्हे काय?

तिसरा प्रश्न : ‘बीटल्स’च्या कोणत्या गीताचे वाद्यसंगीत मुंबईत ध्वनिमुद्रित झाले? उत्तर : ‘दि इनर लाइट’. जॉर्ज हॅरिसन जानेवारी १९६८ मध्ये ‘वंडरवॉल’ चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला होता. त्या मुक्कामात एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून त्याने हे संगीत वाजवून घेतले. गायन नंतर लंडनमध्ये झाले आणि मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ते गीत निघाले. त्या चौघांची नावे जगाला पाठ आहेत. मुंबईच्या वादकांची किती जणांना सांगता येतील? चांगला प्रश्न उत्तर मिळाल्यावर संपत नाही, तो पुढचा प्रश्न हाती देतो.

मात्र हीच प्रश्नोत्तरे दुसऱ्याला हिणवण्यासाठीही वापरली जातात. ‘एवढेही ठाऊक नाही?’ असे म्हटले की नवा माणूस गप्प बसतो. आमच्या घरी इंग्रजी गाणे कधी वाजले नाही. त्यामुळे ते गप्प बसणे माझ्या परिचयाचे आहे. ज्याच्या घरी तबकड्यांचे कपाट होते त्याला उत्तर आधी सापडते, यात बुद्धीचा भाग थोडा आणि कपाटाचा अधिक.

म्हणून प्रश्न कसा विचारावा याला महत्त्व आहे. ‘फ्रेडी मर्क्युरीचे मूळ नाव काय?’ असे विचारले तर ‘फारुख बल्सारा’ म्हणून विषय मिटतो. त्याऐवजी ‘झांझिबारला जन्मलेला आणि पाचगणीच्या शाळेत पियानो शिकलेला जगप्रसिद्ध रॉक गायक कोण?’ असे विचारावे. ज्याला उत्तर येत नाही त्यालाही विचार करायला जागा मिळते, आणि ऐकल्यावर पारशी समाज, आफ्रिकेचा किनारा आणि आपला सातारा जिल्हा यांचा संबंध त्याच्या ध्यानात येतो.

तिठ्यावर उभ्या असलेल्या वाटसरूला कोणी वाट विचारली, तर तो आपल्याला वाट ठाऊक असल्याची फुशारकी मारीत नाही, वाट दाखवतो. प्रश्न घालणाऱ्यानेही तेवढेच करावे.