जुनी गाडी सांगते, नवी कोणती घ्यायची

पाटण तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात काम करायचं म्हणजे निम्मी नोकरी मोटारसायकलवर. मोरगिरीकडची वाडी असो की सडावाघापूरच्या सड्यावरचा गोठा, गाय माजावर आल्याचा फोन आला की निघावंच लागतं, कारण माजाचे तास मोजकेच असतात. मागे नायट्रोजनचा कॅन बांधलेला. आत उणे १९६ अंशांत रेतनाच्या कांड्या. तो कॅन आडवा होऊन चालत नाही आणि त्याचं झाकण घट्ट आवळूनही चालत नाही, आतला वायू बाहेर पडायला वाट लागते. अशा ओझ्यासह माझ्या शंभर सीसीच्या गाडीनं पंधरा वर्षं काढली. आता ती बदलली आहे. गोठ्यात गेलो की पोरं विचारतात, "डॉक्टर, आम्ही कुठली घेऊ?" त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

१. शोरूमच्या आधी फिटरकडे जा.

जुनी गाडी तुमच्याच रस्त्यावर, तुमच्याच वजनाखाली झिजलेली असते. तिच्याइतकी खरी माहिती कुठल्याही जाहिरातीत नाही. फिटरला एवढंच विचारा, हिचं वारंवार काय बदललं? माझा फिटर म्हणाला, "इंजिन तुमचं कधी नडलंच नाही, डॉक्टर. नडलं ते सगळं खाली." बिलांची फाईल चाळली तर तेच दिसलं. खड्ड्यांनी हँडलचा कोनसेट जायचा, डबलसीट आणि सामानानं मागचे शॉकअप बसायचे, उतारांनी ब्रेकचे लायनर संपायचे. आणि चेन-स्प्रॉकेट चिखलानं खाल्लेलं.

कराडात दुकान असलेल्या माणसाची फाईल निराळी निघेल. गर्दीत सारखा अर्धा क्लच दाबून चालवणाऱ्याच्या क्लचप्लेटा आधी जातात. त्याला घाटाचा विचार करायचं कारण नाही, हलका क्लच आणि चांगलं ॲव्हरेज पुरे. म्हणून दुसऱ्याची गाडी बघून आपली ठरवू नये. जे सतत झिजलं ते नव्या गाडीत दणकट हवं आणि जे कधीच नडलं नाही त्यासाठी जादा पैसे मोजायचे नाहीत. दुकानात सगळी चर्चा पिकअप आणि सीसीवर चालते, ती या दोन वाक्यांनी आटोक्यात येते.

२. पंधरा वर्षं झाली म्हणून गाडी मरत नाही.

नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. शेतापर्यंत जाणाऱ्या गाडीला हे परवडतं. माझा निर्णय कागदावर ठरला नाही, ब्रेकवर ठरला.

३. ब्रेकवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

सड्यावर जांभ्याची लाल माती. पहिल्या पावसात ती रस्त्यावर उतरते आणि तिच्यावर चाक जाम झालं की गाडी गेली. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या दुचाकीला १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली निदान जोडब्रेक, म्हणजे सीबीएस, सक्तीचा आहे. जोडब्रेकमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पुढचा ब्रेक दाबायला घाबरणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय आहे, कारण थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. पण चाक जाम होणं त्यानं टळत नाही. ते टाळतं एबीएस: चाक अडकायला लागलं की ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं. सुट्या खडीवर त्यानं गाडी लवकर थांबेल असं समजू नका, कधी थोडी लांबच थांबते. मात्र हँडल तुमच्या हातात राहतं, आणि घाटात तेच लाखमोलाचं.

एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगत नाही, ती विचारून घ्या: एबीएस एका चाकाला की दोन्हीला? सिंगल चॅनेल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, मागचं तेव्हाही घसरू शकतं. आणि कुठलाही ब्रेक असला तरी ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवणाऱ्यांना मी नेहमी हात जोडून थांबवतो.

४. वजन उभ्या गाडीचं बघा.

धावताना सगळ्याच गाड्या हलक्या वाटतात. गोठ्यासमोरच्या शेणचिखलात, उतारावर, पायानं मागे ढकलताना खरं वजन कळतं. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची. क्लासिकचा २७ न्यूटन मीटरचा टॉर्क चढाला सुखाचा आहे यात शंका नाही, शंभर सीसीत तो आठाच्या आसपास असतो. ज्याला लांब डांबरी रस्ता आहे आणि अंगात ताकद आहे त्यानं ती जरूर घ्यावी. मला रोज ती चिखलातून ओढायची होती. तसंच सीटच्या उंचीचं: कागदावर ७८५ मिलिमीटर लिहिलेलं असतं, पण सीट रुंद असली की पाय फाकतात आणि टाच टेकत नाही. मागे माणूस बसवून, आपले नेहमीचे गमबूट घालून दोन्ही पाय टेकवून बघा.

५. मागे बसणाऱ्या माणसाला शोरूममध्ये न्या.

माझी आई नऊवारी नेसते आणि एका बाजूला पाय सोडून बसते. आजच्या कितीतरी गाड्यांची मागची सीट उंच, अरुंद आणि पुढे उतरती असते. त्या दिसायला देखण्या, पण खड्ड्यात मागचं माणूस सरकत पुढे येतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या माणसासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आच्छादन मागतो. पदर किंवा ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात ज्यांनी पाहिलेत त्यांना साडीगार्ड काढून टाकणाऱ्यांचा राग का येतो हे सांगावं लागत नाही. आईनं तीन-चार गाड्यांवर बसून बघितलं, आणि "हिच्यावर भीती वाटत नाही" असं जिच्याबद्दल म्हणाली तीच शेवटी घेतली: होंडा युनिकॉर्न. सुमारे १४० किलो, १३ लिटरची टाकी, १८ इंची चाकं, पुढे सिंगल चॅनेल एबीएस. सीट लांब आणि सरळ, त्यामुळे कॅनचं कॅरिअरही नीट बसलं.

६. आता कार्बोरेटर नाही, हे गावातल्या फिटरसह समजून घ्या.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांत इंजेक्शन बसलं. थंडीत चोक ओढायला नको, पहाटे एका सेल्फमध्ये गाडी सुरू होते. पण पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण बसली तर उतारावर ढकलून गाडी सुरू होईल हा भरवसा सोडा, म्हणून बॅटरीला पांढरी-हिरवी भुकटी धरू देऊ नका. आणि टाकी तळाला नेऊ नका: टाकीतला पंप त्या पेट्रोलनंच थंड राहतो. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. तो आपल्या फिटरकडे आहे का, नसेल तर सर्वांत जवळ कुठे, हे गाडी ठरवण्याआधीचे प्रश्न आहेत. चाळीस किलोमीटरवरच्या सर्व्हिस सेंटरसाठी अख्खा दिवस मोडतो.

७. जुनी घेणार असाल तर बाजारात गाय घेताना बघता तसं बघा.

रंगवलेल्या शिंगांना आपण भुलत नाही, दात आणि सड बघतो. गाडीचाही चॅसी नंबर आर. सी.शी ताडा. इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. मालकानं आधीच तापवून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. मीटरवर कमी किलोमीटर आणि टायर नवाकोरा असेल तर जुना टायर कधी संपला ते विचारा.

८. किंमत ऑन-रोड विचारा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुना भाव धरून हिशेब करू नका. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघात संरक्षण कागदात आहे का आणि वारसाचं नाव भरलंय का, ते मात्र स्वतः बघा. पाडव्याच्या गर्दीत हे राहून जातं.

९. जुनी गाडी नावावरून उतरेपर्यंत तुमचीच.

ओळखीतला असला तरी २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्याशिवाय चावी देऊ नका, आणि विक्रीची सूचना चौदा दिवसांच्या आत आरटीओला द्या. गाडीनं उद्या कुणाला ठोकर दिली तर नोटीस आर. सी.वरच्या नावाला येते. कर्ज फिटलं असेल तर बँकेकडून ३५ नंबरचा फॉर्म घेऊन बोजा आधीच उतरवून ठेवा. गिऱ्हाईक दारात आल्यावर त्या कागदासाठी पळापळ होते आणि भाव पडतो.