दीप्तिमान संवेदी रंगाचा एकसारखा लेप

विमानाच्या पंखावर हवेचा दाब कोठे किती पडतो, हे प्रतिकृतीला बारीक छिद्रे पाडून मोजण्याची पद्धत जुनी आहे. परंतु पातळ कडांना छिद्रे पाडणे कठीण असते. तेथे दाबसंवेदी रंग उपयोगी पडतो. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत वातविवरातील चाचण्यांसाठी हे तंत्र वापरण्यात आले आहे.

या रंगातील रेणू जंबुपार किंवा निळ्या प्रकाशाने उद्दीपित होऊन तांबूस प्रकाश देतात. हवेतील ऑक्सिजन ही दीप्ती शमवितो. म्हणून दाब वाढला की तेज मंदावते. तापमानसंवेदी रंगात तेज उष्णतेने घटते.

वारा बंद असताना व चालू असताना घेतलेल्या चित्रांचे गुणोत्तर काढल्यास लेपाच्या जाडीतील फरक नाहीसा व्हावा. मात्र वाऱ्याच्या भाराने प्रतिकृती किंचित वाकते व सरकते. मग जाड भागाची तुलना पातळ भागाशी होते आणि लेपातील दोष दाबाचा फरक म्हणून दिसतो. खडबडीत लेपाने तर प्रवाहच बिघडतो.

याकरिता पृष्ठभाग तेलरहित करून प्रथम पांढरे अस्तर द्यावे. ते वाळल्यावर फवारणीचे पिस्तूल पृष्ठभागाशी काटकोनात, समान अंतरावर व एकाच गतीने फिरवावे. फवारा कडेबाहेर सुरू करून कडेबाहेरच थांबवावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा. एका जाड थराऐवजी अनेक पातळ थर आलटूनपालटून उभे-आडवे द्यावेत. तीव्र प्रकाशाने रंगाची दीप्ती क्षीण होत असल्याने रंगविलेली प्रतिकृती चाचणीपर्यंत अंधारात ठेवावी. लेप एकसारखा नसेल, तर उत्तम कॅमेराही खरा दाब दाखवू शकणार नाही.