शून्याखालचे पाणी

वाचकहो, आमचे बालपण खाडीकाठी गेल्यामुळे शिडाच्या होडीची आवड अद्यापि सुटलेली नाही. इ. स. २०२४ च्या उन्हाळ्यात ती हौस मनी धरून आम्ही इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथे उजनीच्या जलाशयावर गेलो. पाहतो तो पाणी फार मागे हटलेले, एरवी बुडालेले जुने देवालय उघडे पडलेले, आणि होड्या भेगाळलेल्या गाळावर बसलेल्या!

“धरण शून्याखाली गेले,” असे लोक म्हणत होते. ह्याचा अर्थ काय? भीमेवरील ह्या धरणात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते; पैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा होय. शून्य म्हणजे वापराचा साठा सरला. तळी उरते ती संकटकाळाची ठेव, व तीतही गाळ साचलेला असतो.

एक वृद्ध कोळी म्हणाले, “साहेब, होडी पुढल्या पावसात तरंगेल, पण तोवर प्यायला हेच आहे.” आम्ही ओशाळलो.

त्याच पावसाळ्यात धरण भरले. परंतु हौस थांबू शकते, तहान थांबत नाही. म्हणून भरल्या धरणाच्या वर्षीही ते उघडे देवालय आठवून पाणी खर्चावे, हाच ह्याचा बोध.