श्रीक्षेत्र नेवासे : पैसाचा खांब आणि प्रवराकाठचे प्राचीन गाव

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे हे प्रवरा नदीच्या तीरी वसलेले गाव. नदीच्या एका तीरास नेवासे खुर्द, तर दुसऱ्या तीरास नेवासे बुद्रुक. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, श्री ज्ञानेश्वर महाराजांनी येथे ज्ञानेश्वरी सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. त्या वेळी देवगिरीच्या गादीवर रामचंद्रदेव यादव होता. बाबांचे देहावसान झाले असता महाराजांनी त्यांस पुन्हा जीवदान दिले, अशी कथा भाविक श्रद्धेने सांगतात.

ज्या खांबास टेकून महाराज निरूपणास बसत, तो 'पैसाचा खांब' हेच येथील मुख्य दर्शन होय. खांब मूळचा करवीरेश्वर या शिवमंदिराचा. काळाच्या ओघात मंदिर नाहीसे झाले, गाभारा राहिला नाही, शिखर राहिले नाही. एवढा एक खांब मात्र उभा राहिला. आजचे मंदिर त्याच्याभोवती पुढे बांधण्यात आले. खांबावर शिलालेख असून त्यात देवाच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. दर्शनार्थी खांबास मस्तक टेकवितात, परंतु लेखाकडे पाहणारे थोडेच. दाता कोणी राजा असो वा साधा गृहस्थ, त्याने योजिलेला दिवा मालवला तरी दानाचा लेख उरला आणि त्याच दगडाशी मराठीचा थोर ग्रंथ सांगितला गेला. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या ललितलेखसंग्रहास 'पैस' हे नाव दिले, ते याच खांबावरून.

गावात श्री मोहिनीराजाचे देवालय आहे. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी ते इ.स. १७७३ मध्ये बांधविले. विष्णूने मोहिनीरूपाने अमृत वाटले ते येथेच, अशी आख्यायिका आहे. कपटाने अमृत प्यालेल्या राहूचे शिर पडले ती राहुरी व काया पडली ते कायगाव, असे या परिसरात सांगतात. व्युत्पत्ती पंडितांना मान्य होवो अथवा न होवो, गावांची नावे लक्षात ठेवण्यास ती उत्तम आहे.

नेवाशाचे वय मात्र यादवकाळाच्याही फार मागे जाते. इ.स. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील लाडमोड टेकाडाचे उत्खनन केले. प्रवरेच्या जुन्या गाळथरांत आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली. टेकाडाच्या खालच्या थरांत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती, तर वरच्या थरांत सातवाहनकालीन घरे व रोमन जगातून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे आढळले. ताम्रपाषाणयुगीन लोक मृत बालकांस मातीच्या कुंभांत घालून घराच्या जमिनीखालीच पुरीत. अशाच एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिच्या दोऱ्यात रेशमाचे व कापसाचे तंतू ओळखता आले. मूल गेल्यावरही त्याच्या गळ्यातली माळ काढण्याचे त्या घरच्यांच्या मनात आले नसावे.

अनेक भाविक खांबाचे दर्शन घेऊन लगेच पुढील प्रवासास निघतात. सवड असल्यास नदीकाठचे श्री मध्यमेश्वर मंदिर पाहावे. पुढे प्रवरासंगम येथे प्रवरा व गोदावरी यांचा संगम असून तेथील सिद्धेश्वर मंदिर दर्शनीय आहे. टेकाडावर खापर अथवा मणी दृष्टीस पडल्यास तो उचलून नेऊ नये. जागेवरून हलविलेल्या खापराचा काळ ठरविणे अभ्यासकांस कठीण जाते.