नव्या अलॉयमध्ये हवा किती?

अगं, सतरा इंची अलॉय शोभतात हं गाडीला! पण हवा किती भरलीस विचारलं, तर म्हणालीस, ‘नेहमीचीच.’ तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. नेहमीची म्हणजे दाराच्या कडेला स्टिकरवर आहे ती. तो आकडा कंपनीने जुन्या टायरसाठी काढलेला आहे गं.

जुना टायर 185/65 आर 15, नवा 205/45 आर 17. बाहेरून उंची जवळपास तेवढीच, पण रबराची भिंत 120 मिलिमीटरवरून 92 वर आली. गाडीचं वजन मात्र होतं तेवढंच आहे, आणि ते मुख्यतः हवाच पेलते.

आता खाली वाक आणि मापाच्या पुढचा आकडा वाच. जुन्यावर 88 होता, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त 560 किलो, तेही 36 पीएसआयला. नव्या मापात 84 चाही टायर मिळतो, तो 500 किलोचा. तुझा तो निघाला, तर हवा वाढवून भागवू नकोस. बदलूनच घे, टायरवाला कितीही ‘चालतंय ताई’ म्हणू दे. 88 एक्सएल, म्हणजे एक्स्ट्रा लोड, असेल तर चांगलं. फक्त एक्सएलला तेच 560 किलो उचलायला 42 पीएसआय लागतात. म्हणून स्टिकरवर 33 असतील, तर तेवढ्याच वजनाला याच्यात साधारण 38 ते 39 हवेत. 33 वरच चालवणं म्हणजे हमालाला उपाशीपोटी पोती उचलायला लावणं. टायरवर ‘मॅक्स’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो मात्र भरायचा नसतो, ती मर्यादा असते.

मला खरी काळजी पावसाळ्यातल्या खड्ड्यांची वाटते. हवा कमी असली की खड्ड्याच्या काठावर टायर दबतो, भिंत रिममध्ये चिमटते आणि आतले धागे तुटतात. मग बाजूला फुगा येतो. तसा टायर दुरुस्त होत नाही. कुणी पॅच मारून देतो म्हणालं, तरी त्यावर हायवेला जाऊ नकोस. रिम वाकते ती वेगळीच. पण त्या भीतीने 45 ठासून भरू नकोस. मधला पट्टा लवकर झिजेल, पकड कमी होईल आणि प्रत्येक धक्का कमरेत बसेल.

नुसतं बघून हवा कळत नाही, या टायरची तर नाहीच. उंच टायर हवा कमी झाली की खाली पसरतो, हा बुटका बरीच हवा गेली तरी ताठ दिसतो. म्हणून स्वतःचं गेज घे आणि सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, तपास. लांबून आल्यावर आकडा चार-पाचने चढलेला दिसेल, तेव्हा हवा सोडू नकोस. थंडीत तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो, तेव्हा डिसेंबरात पुन्हा बघ. नायट्रोजन भरलास तरी तपासणं सुटत नाही. साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो.

आईबाबा आणि सामान घेऊन गावी निघालीस, तर स्टिकरवर भरल्या गाडीचा वेगळा आकडा असतो, बहुधा मागच्या चाकांचा जास्त. त्याच्यावरही तेवढीच भर घाल, पण टायरच्या मर्यादेच्या आत. आणि स्टेपनी अजून जुनीच पंधरा इंची आहे ना? तिच्यात स्टिकरचाच आकडा भर. ती लावावी लागली, तर हळू चालवत थेट टायरवाल्याकडे जा.