जुना मेगर केवढ्याला घ्यावा?

धाराशिव जिल्ह्यात विजेची जुनी मापनयंत्रं जमवायची असतील तर अँटिकचं दुकान शोधत बसू नका, मोटार रिवाइंडिंगचं दुकान गाठा. विहीर-बोअरवर शेती चालणाऱ्या या मुलखात कळंब, भूम, परंडा, उमरगा, कुठेही जा, जळालेली मोटार भरून देणारा कारागीर असतोच. वाइंडिंग बॉडीला लागलंय का हे बघायला तो मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावतो. आता बऱ्याच जणांकडे बटणाचा डिजिटल मेगर आलाय आणि हँडल फिरवायचा जुना, जड डबा वरच्या फळीवर गेलाय. तोच आपल्या कामाचा.

भाव करण्याआधी भंगाराचा हिशोब मनाशी मांडा. भंगारवाला मेगर फोडून तांबं, पितळ, लोखंड वेगळं काढतो. बेकेलाइट पुन्हा वितळत नाही, म्हणून पेटीची किंमत त्याच्या लेखी शून्य. किलोच्या भावात मालकाच्या हाती फार तर काहीशे रुपये पडतात, त्यामुळे दुप्पट-तिप्पट मिळाले तरी तो राजी होतो. माझ्या अंदाजाने चालू स्थितीतला ५०० व्होल्टचा देशी मेगर हजार ते अडीच हजारांत यावा, बंद असेल तर पाचशेच्या आत. डायलवर 'एव्हरशेड अँड विग्नोल्स' असं इंग्रजी नाव दिसलं की मागणी चौपट होते. मेगर हे नाव मुळात याच कंपनीचं, त्यामुळे थोडं जास्त देणं रास्त. पण झाकण, हँडल आणि काच मूळची असेल तरच.

चालू आहे की नाही, हे दुकानातच बघा. दोन्ही वायरी सुट्या ठेवून मिनिटाला साधारण १६० फेऱ्यांच्या गतीने हँडल फिरवा, काटा अनंताच्या खुणेवर जायला हवा. मग थांबून वायरींची टोकं एकमेकांना जोडा आणि पुन्हा हळू फिरवा, काटा शून्यावर यायला हवा. फिरवताना उघड्या टोकांना हात लावू नका, ५०० व्होल्टचा झटका गंमत नव्हे. हँडल न फिरवता काटा मध्येच कुठेतरी रेंगाळलेला दिसला तर घाबरू नका. खऱ्या मेगरमध्ये काट्याला मागे ओढणारी स्प्रिंगच नसते, दोन कॉइलींच्या ओढाताणीत तो ठरतो. भाव पाडणारे याच काट्याकडे बोट दाखवतात, तो भाग वेगळा.

जुन्या कारखान्यांच्या, थिएटरच्या पॅनेलवरचे गोल अँपमीटर-व्होल्टमीटर शंभर-दोनशेला मिळतात. स्केलवरचे आकडे सुरुवातीला दाटीवाटीने आणि पुढे मोकळे असतील तर तो मूव्हिंग आयर्नचा, सारख्या अंतरावर असतील तर बहुधा मूव्हिंग कॉइलचा. कॉइलचा मिलिअँपमीटर असेल तर हलवून बघा, काटा झुलेल. मग मागचे दोन बोल्ट तारेने जोडून हलवा. काटा जड झाल्यासारखा सुस्त हलला तर कॉइल शाबूत आहे. या परीक्षेला खर्च तारेच्या एका तुकड्याचा.

संग्राहकांचा जीव जडतो तो ॲव्हो मीटरवर, म्हणजे अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच डब्यात मोजणाऱ्या काट्याच्या मल्टिमीटरवर. ब्रिटिश टपाल खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी यांच्या कल्पनेतून १९२३मध्ये तो बाजारात आला. त्याचं आठ नंबरचं मॉडेल १९५१पासून २००८पर्यंत बनत होतं. इतकी वर्षं बनलेली वस्तू दुर्मीळ कशी असेल? म्हणून 'अँटिक पीस' ऐकून दहा हजार मोजू नका. काटा मोकळा, काच अखंड, चामडी पेटी सोबत, अशाला चार-पाच हजार पुरे. नाशिकच्या मोटवाने कंपनीचे काट्याचे मल्टिमीटर त्याहून स्वस्त पडतात आणि मला तेच जास्त आवडतात. 'शिकागो रेडिओ'च्या लाउडस्पीकरांनी स्वातंत्र्य चळवळीच्या सभा ऐकवल्या, ते हेच मोटवाने घराणं.

खरेदीची रक्कम म्हणजे पूर्ण खर्च मात्र नव्हे. आठ नंबरच्या ॲव्होला ओहम मोजायला १५ व्होल्टची वेगळी बॅटरी लागते. ती सहज मिळत नाही, म्हणून तीन व्होल्टचे पाच बटणसेल एकावर एक बसवून काम भागवतात. खर्च शे-दोनशे. नव्या वायरी दोन-तीनशेच्या, कारण जुन्यांचं रबर तडकलेलं असतं. काटा अडकला असेल तर घरी उघडू नका. चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कीस गेला की यंत्र गेलं, आणि असं काम करणारा माणूस शोधायला सोलापूर किंवा पुणे गाठावं लागतं. पुण्याला गेलातच तर बुधवारी किंवा रविवारी जा, जुना बाजार तेव्हाच भरतो. घरच्या २३० व्होल्टवर हे मीटर वापरू नका. त्यासाठी पाचशे-हजाराचा नवा डिजिटल घ्या.

दोन कायदे माहीत हवेत. पुरावस्तू कायदा १९७२चा, आणि अशा वस्तूंना तो शंभर वर्षं पूर्ण झाल्यावर लागतो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातल्या प्राचीन वस्तू त्यात येतात, आपला १९६०चा मेगर नाही. दुसरा २००३चा वीज कायदा. वीज मंडळाचा किंवा महावितरणचा शिक्का असलेला घरगुती मीटर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो ग्राहकाचा नसतो, आणि वीजसाहित्याची चोरी हा गुन्हा आहे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतले पोस्ट ऑफिस बॉक्स, टॅन्जंट गॅल्व्हॅनोमीटर हवे असतील तर शिपायाकडून परस्पर घेऊ नका. डेडस्टॉक रजिस्टरवरून निर्लेखन होऊन लिलाव निघेपर्यंत थांबा आणि पावती घ्या. प्राचार्यांनाही एक विनंती: भंगाराच्या यादीत टाकण्याआधी प्रत्येक जातीचं एकेक यंत्र काचेच्या कपाटात ठेवा, बाकीची खुशाल विका.