यंत्राची नाडी जाणणारा कारागीर

जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तेव्हा गिरण्या वाफेवर चालत. एका इंजिनाची शक्ती लांब दांडे व पट्टे यांच्यामार्फत अनेक यंत्रांना पुरविली जाई. पुढे विजेच्या मोटारी आल्या, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र शक्ती मिळाली आणि दुरुस्तीचे स्वरूपही पालटले. आज ती गिरणी उरलेली नाही. परंतु हिंगणा व बुटीबोरी येथील औद्योगिक वसाहतींत ज्या कारागिरावाचून पाळी सुरळीत चालत नाही, तो वीज आणि यंत्र या दोन्ही विद्या जाणणारा देखभाल तंत्रज्ञ होय.

लक्षण एकीकडे, कारण दुसरीकडे

मोटार तापून वारंवार बंद पडते, अशी तक्रार घेऊ. केवळ वीज जाणणारा मोटार बदलून मोकळा होईल. परंतु बेअरिंग झिजले असेल, पट्टा अवाजवी ताणलेला असेल किंवा मोटार व यंत्र यांचे दांडे एका रेषेत नसतील, तर नवी मोटारही जळेल. उलटपक्षी, तीनपैकी एक फेज तुटला तर उरलेल्या दोहोंतून जादा प्रवाह वाहून गुंडाळी जळते; तेथे बेअरिंग बदलून उपयोग नाही. म्हणून जाणता तंत्रज्ञ पाना हाती घेण्यापूर्वी आवाज ऐकतो, कंप पाहतो व तिन्ही फेजांचा प्रवाह मोजतो. भार सोडवून मोटार एकटी चालवून पाहिली, म्हणजे दोष कोणत्या बाजूस आहे याचा बराचसा उलगडा होतो.

विदर्भाचा उन्हाळा

सर्वसाधारण मोटारीची क्षमता भोवतालचे तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत धरून ठरविलेली असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गुंडाळीचे तापमान मर्यादेपलीकडे दर १० अंशांनी वाढले, की तिच्या विद्युतरोधक आवरणाचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अभियांत्रिकीतील ठोकताळा आहे. यास्तव मोटारीच्या पंख्याच्या जाळीत अडकलेली धूळ व कापसाचे तंतू काढणे हे क्षुल्लक काम नव्हे. ते उन्हाळ्यापूर्वीच व्हावयास हवे.

हाच नियम गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपालाही लागू पडतो. जादा प्रवाह वाहताच स्टार्टरमधील रिले पंप बंद करतो. त्रास नको म्हणून रिले निकामी करून पंप चालविणे म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड बांधण्यासारखे आहे. ऐन टंचाईत मोटार जळली, तर गावाला पाण्यासाठी वणवण करावी लागते.

आधी कुलूप, मग हात

चालू यंत्राजवळील कामाचा धोका ओळखून कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २२ ने असे काम खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारानेच, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करावे व त्याचे नाव नोंदवहीत असावे, अशी अट घातली होती. दुरुस्तीसाठी तर यंत्र थांबविलेच पाहिजे. मुख्य स्विच बंद करावा, त्याला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवावी आणि फलक टांगावा. नंतर मापकाने वीज नसल्याची खात्री करावी. तो मापक चालू आहे ना, हेही आधी तपासावे. वीज गेली तरी उचललेले वजन, दाबलेली स्प्रिंग व नळीतील हवा यांत शक्ती साठून राहते, याचा विसर पडता कामा नये.

शिक्षण आणि संधी

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व जोडारी हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. त्यानंतर शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकता येते. मात्र एक विद्या घेतलेल्याने दुसरीची ओळख करून घेतली पाहिजे. दहावीच्या वर्गातील शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी हा मार्ग केवळ कमी गुणांच्या मुलांसाठी आहे, असा समज दूर करावा. विज्ञानाच्या तासाला शिकविलेला ओहमचा नियम येथे रोज कसोटीला लागतो, आणि त्यात चूक झाल्यास गुण नव्हे, हात जातो.